‘एकदाच करा, कायमचं टिकतं’: चेहऱ्यात सिलिकॉन टोचून घेण्याबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात फिलरबद्दलच्या (गाल, ओठ भरून दिसावेत म्हणून त्वचेखाली टोचतात ते द्रव्य) एका पत्राला उत्तर देताना मी जाता जाता लिहिलं होतं की समोरचा माणूस चेहऱ्यात सिलिकॉन टोचणार असेल तर खुर्चीवरून उठायचं आणि सरळ घरी यायचं. त्यावर इतकी पत्रं आलीत की या वेळी मुरुम, वांग, केसगळती सगळ्यांना रजा. नावं कुणाचीच छापत नाहीये, बऱ्याच जणींनी घरीसुद्धा सांगितलेलं नाही हे पत्रांवरून दिसतंच आहे.

प्रश्न: मॅडम, माझं वय ३४. वजन कमी केल्यापासून गाल पार बसलेत, भेटेल तो विचारतो आजारी होतीस का. मैत्रिणीच्या ओळखीच्या एक बाई गालात आणि ओठात फिलर देतात, क्लिनिकच्या मानाने बरंच स्वस्त. त्यांचं म्हणणं, क्लिनिकवाले विरघळणारं देतात म्हणजे तुम्ही वर्षावर्षाला पैसे घेऊन परत जाल, आमचं एकदाच आणि कायमचं. मेडिकल ग्रेड सिलिकॉन आहे असं त्यांनी बाटली दाखवून सांगितलं. मैत्रिणीने दोन वर्षांपूर्वी घेतलंय आणि खरंच छान दिसते. घेऊ का?

उत्तर: नका घेऊ. आता कारणं सांगते, कारण नुसतं नको म्हटलं की तुम्ही त्या बाईंकडे जाणार आणि त्या तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त वेळ देऊन समजावणार हे मला माहितीये.

आधी ती बाटली. गाल भरायला आज सगळ्यात जास्त वापरतात ते हायलुरॉनिक अ‍ॅसिडचं फिलर, म्हणजे त्या बाई ज्याला विरघळणारं म्हणतात ते, ते कंपनीतूनच भरलेल्या सीलबंद सिरिंजमध्ये येतं, खोक्यावर बॅच नंबर, एक्स्पायरी, आणि आत छोटे स्टिकर असतात, त्यातला एक डॉक्टर तुमच्या फाईलला चिकटवतो. बाटलीतून सिरिंजमध्ये ओढून चारचौघींना तेच टोचणं चाललं असेल तर त्या बाटलीत काय आहे हे त्या बाईंनाही सांगता येणार नाही, त्यांना जे सांगून विकलं तेच त्या तुम्हाला सांगतायत. सिलिकॉनच्या नावाखाली इंडस्ट्रियल ग्रेडचं सिलिकॉन, पॅराफिन, मिनरल ऑइल, साधं खाण्याचं तेल असं काहीही पेशंटच्या अंगात सापडलेलं आहे.

बरं, समजा खरंच मेडिकल ग्रेड आहे. तरीही. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधांना मंजुरी देणाऱ्या तिथल्या सरकारी संस्थेने, लिक्विड सिलिकॉनला चेहरा किंवा शरीर भरून सुंदर दिसण्यासाठी कधीच मंजुरी दिलेली नाही, एकाही जागेसाठी नाही, उलट २०१७ मध्ये लोकांना जाहीर इशारा दिला की हे टोचून घेऊ नका. मंजुरी आहे ती डोळ्याच्या आत, रेटिना म्हणजे डोळ्यामागचा पडदा सुटतो तेव्हा तो जागेवर दाबून धरायला सिलिकॉन ऑइल भरतात, १९९० च्या दशकात ती मिळाली. आता गंमत बघा, डोळ्यातसुद्धा काम झालं की ते बहुतेक वेळा काढून घेतात, आणि तिथे ते काढता येतं कारण तिथे पोकळी आहे, तेल एका जागी गोळा असतं. गालात पोकळी नाही. तिथे ते चरबीच्या कणाकणामध्ये, स्नायूंच्या धाग्यांमध्ये जाऊन बसतं, कापसात मुरलेलं तेल जसं पिळून परत मिळत नाही तसंच.

शरीराला हे बाहेरचं आहे एवढं नक्की कळतं. आपल्या काही पेशींचं कामच असतं की परकं काही दिसलं की गिळून टाकायचं, त्या या थेंबांवर तुटून पडतात पण सिलिकॉन पचत नाही, मग त्या एकमेकींना चिकटून मोठ्या पेशी होतात, थेंबाभोवती कोष बांधतात, आणि हे सगळं वर्षानुवर्षं चालू राहतं. काही जणींमध्ये ते शांतपणे चालतं, काहींमध्ये एक दिवस पेटतं आणि गाठी येतात. त्या गाठींना ग्रॅन्युलोमा म्हणतात. त्या महिन्याभरातही येऊ शकतात, दहा वर्षांनी येऊ शकतात, वीस वर्षांनीही. त्यामुळे मैत्रिणीची दोन वर्षं हा पुरावा मी धरणार नाही, तिचं चांगलंच होवो, पण दोन वर्षं म्हणजे या विषयात काहीच नाही.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. काही क्वालिफाइड डॉक्टर तेच डोळ्याचं सिलिकॉन अगदी बारीक थेंबांत, एका ठिकाणी ०.०१ मिली एवढंच, मध्ये काही आठवड्यांचं अंतर ठेवून चेहऱ्यात देतात आणि नीट दिलं तर त्रास क्वचित होतो असं त्यांचं ठाम मत आहे. मी देत नाही. क्वचित का होईना, झालं तर माझ्याकडे ते परत काढायचा उपाय नाही, आणि चेहरा तुमचा आहे. आणि तसंही तुमच्या त्या बाई ०.०१ मोजत बसणाऱ्यातल्या वाटत नाहीत.

वजन उतरून बसलेल्या गालांसाठी काय करता येईल ते स्किनच्या किंवा प्लास्टिक सर्जरीच्या डॉक्टरला दाखवून विचारा. आणि त्याआधी वजन स्थिर होऊ द्या, अजून दोन-चार किलो इकडेतिकडे झालं की चेहरा परत बदलतो.

प्रश्न: नऊ वर्षांपूर्वी गालात आणि नाकाच्या बाजूच्या रेषांमध्ये परमनंट फिलर घेतलं होतं, तेव्हा काही विचारलं नाही. आजवर काही त्रास नव्हता. गेल्या महिन्यात खालच्या दाढेचं रूट कॅनल झालं आणि आठवड्याने त्याच बाजूचा गाल सुजला, लाल, गरम, आत वाटाण्याएवढ्या कडक गाठी लागतात. अँटिबायोटिक घेतलं की उतरतं, थांबवलं की परत. डेंटिस्ट म्हणतात दात एकदम ठीक आहे. मी त्यांना फिलरचं बोलले नव्हते, लाज वाटली.

उत्तर: आधी ते डेंटिस्टना सांगा, आजच फोन करून. लाजेचं काही नाही, पण ही माहिती नसल्यामुळे ते बिचारे दातच तपासत बसलेत.

तुम्ही जे वर्णन केलंय ते पुस्तकात असतं तसं आहे. जुनं सिलिकॉन शांत असतं आणि मग जवळपास कुठेतरी इन्फेक्शन होतं, दाताचं, सायनसचं, कधी नुसता व्हायरल ताप किंवा गालाला लागलेला मार, आणि शरीराची संरक्षण यंत्रणा जागी झाली की तिची नजर त्या थेंबांवरही जाते. शिवाय अशा परक्या वस्तूवर जंतू पातळ थर करून राहू शकतात, त्या थराच्या आत अँटिबायोटिक नीट पोचत नाही, म्हणून गोळ्या चालू तोवर बरं आणि बंद केल्या की परत असं होतं.

मग करायचं काय. चेहऱ्याची सोनोग्राफी, आणि तीही त्वचेची सोनोग्राफी करणाऱ्या माणसाकडून. सिलिकॉन सोनोग्राफीत फार ओळखू येतं, स्क्रीनवर पांढरा धूसर पट्टा दिसतो आणि त्याच्या खालचं सगळं पुसल्यासारखं होतं, रेडिओलॉजिस्ट त्याला स्नोस्टॉर्म म्हणतात, बर्फाचं वादळ. हे का महत्त्वाचं, तर तुमच्या गालात नऊ वर्षांपूर्वी नक्की काय घातलं हे कुणालाच माहीत नाही, आणि औषध त्यावर ठरतं. गरज वाटली तर एका गाठीचा छोटा तुकडा काढून बायोप्सी करतात. त्याने दुसरी काही भानगड नाही ना हेही कळतं, कारण गाठ म्हटली की फिलरचीच असणार हे गृहीत धरायचं नसतं.

औषधांमध्ये मिनोसायक्लिन नावाची गोळी वापरतात, ती जंतूही मारते आणि सूजही उतरवते, गाठीत स्टिरॉइडचं इंजेक्शन देतात, कधी त्यात ५-एफयू हे पेशींची वाढ रोखणारं औषध मिसळतात. यातलं काहीही सिलिकॉन घालवत नाही, फक्त त्याच्या भोवतीचं भांडण शांत करतं. कधीकधी कायमचं शांत होतं, कधी दर काही महिन्यांनी परत डोकं वर काढतं. सुजेच्या काळात गाल दाबून बघणं, चोळणं, शेकणं, सुईने फोडायला जाणं यातलं काही करू नका. मेडिकलमधून स्वतःच स्टिरॉइडच्या गोळ्या आणून घेऊ नका, हे मुद्दाम लिहितेय कारण त्याने दोन दिवसांत छान वाटतं आणि मग लोक ती गोळी महिनोन्महिने खात राहतात.

आणखी एक, हे फार कमी जणांना माहीत असतं. चेहऱ्याबरोबर शरीरातही भरपूर सिलिकॉन टोचून घेतलं असेल तर या गाठींमधल्या पेशी स्वतःच व्हिटॅमिन डीचं काम करणारं रूप तयार करायला लागतात आणि रक्तातलं कॅल्शियम वाढतं, मग खूप तहान, वारंवार लघवी, बद्धकोष्ठता, थकवा, पुढे किडनीला त्रास. अशात जर वरून कॅल्शियम-डीच्या गोळ्या चालू असतील तर विचारूच नका. तुमचं शरीराचं काही नसेल तर शक्यता कमी आहे, तरी एकदा रक्तातलं कॅल्शियम बघून घ्यायला काही जात नाही.

प्रश्न: सिलिकॉन तर सगळीकडे आहे. बाळाच्या बाटलीचं निपल सिलिकॉनचं, ब्रेस्ट इम्प्लांट सिलिकॉनचं, हनुवटीत बसवतात ते इम्प्लांट सिलिकॉनचं. तिथे चालतं आणि इंजेक्शनने दिलं की विष? डॉक्टर लोक स्वस्त गोष्टीला कायम विरोध करतात असं माझं निरीक्षण आहे.

उत्तर: तुमच्या निरीक्षणाबद्दल नंतर कधीतरी भांडू. विष कुणीच म्हणत नाहीये. हनुवटीचं इम्प्लांट हा एक घट्ट तुकडा असतो, ब्रेस्ट इम्प्लांटला बाहेरून आवरण असतं, शरीर त्याभोवती एक कोष करतं आणि बिघडलं तर सर्जन चिरा देऊन ते बाहेर काढू शकतो. त्यांचेही आपले त्रास आहेतच. पण पातळ सिलिकॉनला कडाच नाही. ते गुरुत्वाकर्षणाने, चेहऱ्याच्या हालचालीने खाली उतरतं, गालातलं जबड्यापाशी येतं, नाकातलं बाजूला पसरतं.

आणि हे नवं अजिबात नाही. १८९९ साली व्हिएन्नामध्ये गेर्सुनी नावाच्या सर्जनने शरीराचा भाग भरून काढायला पेट्रोलियम जेली टोचली, त्यानंतर पॅराफिन टोचायची लाटच आली, नाकं सरळ करण्यापासून सुरकुत्यांपर्यंत. ग्लॅडिस डीकन ही त्या काळातली प्रसिद्ध सुंदरी, पुढे मार्लबरोची डचेस झाली, तिने तरुणपणी नाकाच्या पुलात पॅराफिन भरून घेतलं आणि ते मेण घसरत हनुवटीपर्यंत गेलं. गाठी, जखमा यायला लागल्यावर पॅराफिन मागे पडलं आणि दुसऱ्या महायुद्धानंतर तीच हौस सिलिकॉनने सुरू झाली. जपानमध्ये तर सिलिकॉन सरकू नये म्हणून त्यात मुद्दाम तेल मिसळायचे, म्हणजे आत व्रण तयार होऊन ते जागेवर राहील अशी कल्पना. अमेरिकेत लास वेगासला याचं एवढं पेव फुटलं आणि पुढे एवढ्या बायकांचे हाल झाले की १९७५ मध्ये नेवाडा राज्याने सिलिकॉन टोचणं हा गुन्हाच ठरवला. म्हणजे सव्वाशे वर्षं झाली, पदार्थ बदलतो, बाकी तेच.

प्रश्न: फिलर विरघळवायचं इंजेक्शन असतं असं ऐकलंय. माझ्या ओठातलं सिलिकॉन त्याने जाईल का? ओठ कडक झालेत आणि वरचा ओठ एका बाजूला जास्त आलाय.

उत्तर: नाही जाणार. ते इंजेक्शन हायलुरॉनिडेज नावाचं एन्झाइम आहे, ते फक्त हायलुरॉनिक अ‍ॅसिड तोडतं. सिलिकॉनवर शून्य परिणाम, शंभर वेळा दिलं तरी. ते सिलिकॉन विरघळवायला देतो असं कुणी म्हणत असेल तर पैसे वाचवा.

ओठाच्या बाबतीत एक बरं आहे की आतल्या बाजूने चिरा देऊन काही भाग कापून काढता येतो, व्रण बाहेरून दिसत नाही, आणि ओठाचं आकारमान कमी करून दोन्ही बाजू बऱ्यापैकी सारख्या करता येतात. बऱ्यापैकी म्हणतेय, पूर्ववत नाही. सगळं सिलिकॉन काढायचा हट्ट धरला तर त्याबरोबर तुमचा चांगला ओठही जातो, म्हणून शहाणा सर्जन थोडं आत ठेवूनच थांबतो. सूज चालू असताना ऑपरेशन सहसा करत नाहीत, आधी औषधाने शांत करून मग. आणि मधल्या काळात ‘दुसऱ्या बाजूला थोडं भरून बॅलन्स करून देतो’ म्हणणाऱ्यांपासून दहा हात लांब.

प्रश्न: डॉक्टर, काल एका ठिकाणी नाकाच्या वर, दोन भुवयांच्या मध्ये इंजेक्शन घेतलं. घेताना तिथली कातडी एकदम पांढरी पडली आणि खूप दुखलं, त्या म्हणाल्या नॉर्मल आहे. आज तिथे जाळीसारखे निळसर डाग आलेत. काय लावू?

उत्तर: हे पत्र माझ्या हातात पडेपर्यंत तीन आठवडे उलटले होते. तुम्ही तोवर हॉस्पिटल गाठलं असेल अशी आशा आहे, नसेल गाठलं तर आजही जा. बाकीच्यांसाठी लिहिते, हे कापून फ्रिजवर लावलं तरी चालेल.

पांढरी पडलेली त्वचा, जाळीदार निळसर-जांभळे डाग, जरुरीपेक्षा जास्त दुखणं, याचा अर्थ टोचलेलं द्रव्य रक्तवाहिनीत गेलंय किंवा ती बाहेरून दाबली गेलीय आणि पुढच्या त्वचेला रक्त मिळत नाहीये. याला लावायचं काही नसतं. तासाभराचीही वाट न बघता हॉस्पिटल. हायलुरॉनिक अ‍ॅसिड असेल तर ते एन्झाइम भरपूर प्रमाणात देऊन त्वचा बऱ्याचदा वाचवता येते, सिलिकॉन असेल तर उतारा नाही, डॉक्टर फक्त रक्तपुरवठा वाढवायचा प्रयत्न करू शकतात.

भुवयांच्या मधली जागा आणि नाक ही चेहऱ्यातली सगळ्यात धोक्याची जागा, कारण तिथल्या बारीक रक्तवाहिन्या आतून डोळ्याच्या मुख्य रक्तवाहिनीला जोडलेल्या असतात. सिरिंजचा दट्ट्या जोरात दाबला तर द्रव्य उलट्या दिशेने मागे ढकललं जातं, मग दाब सुटला की रक्ताबरोबर पुढे जाऊन डोळ्याच्या पडद्याला रक्त देणारी वाहिनी बंद करतं. सेकंदात दिसायचं बंद होतं. पडदा रक्ताशिवाय साधारण दीड तास कसाबसा तग धरतो, त्यानंतर गेलेली नजर परत यायची आशा फार थोडी. काही जणांत असंच मेंदूपर्यंत जाऊन पक्षाघात झालाय. तेव्हा इंजेक्शनच्या वेळी किंवा नंतर एका डोळ्याने धूसर दिसलं, पापणी पडली, बोलताना जीभ अडखळली, तोंड वाकडं झालं, किंवा धाप लागून छातीत दुखायला लागलं, खोकल्यातून रक्त आलं तर थेट इमर्जन्सी. धाप यासाठी की सिलिकॉन रक्तातून फुप्फुसात जाऊन अडकू शकतं, हे जास्त करून शरीरात मोठ्या प्रमाणात टोचलं जातं तेव्हा होतं आणि त्यात माणसं दगावली आहेत.

जाताना ज्यांनी टोचलं त्यांच्याकडून बाटली किंवा खोकं मागून घ्या. देत नसतील तर फोटो काढा. तेही नाही जमलं तर नुसतं पळा.

प्रश्न: मी दहा वर्षं पार्लर चालवते. दोन दिवसांचा फिलर कोर्स आहे, सर्टिफिकेट मिळतं, माल तेच देतात. सगळ्या करतायत, मी करू का?

उत्तर: तुम्ही विचारलंत हेच मला आवडलं. दोन दिवसांत सुई कुठे टोचायची ते शिकवता येतं, वर लिहिलंय तसं कुणाची त्वचा समोर पांढरी पडली तर पुढच्या दहा मिनिटांत काय करायचं ते नाही. त्या वेळी तुमच्याकडे ना औषध असेल ना ते द्यायचा अधिकार, आणि तुमची दहा वर्षांची गिऱ्हाईक तुमच्याकडे बघत असेल. सर्टिफिकेट देणारे तेव्हा फोन उचलणार नाहीत. नका करू.

प्रश्न: मुलगी १९ वर्षांची आहे. तिने सुई नसलेलं फिलरचं पेन ऑनलाइन मागवलंय, सुईच नाही म्हणजे सेफ असं तिचं म्हणणं. मी रागावले तर बोलणंच बंद केलंय.

उत्तर: ते पेन सुईऐवजी दाबाने द्रव्य त्वचेत मारतं, किती खोल आणि नक्की कुठे जाईल यावर हाताचा काहीच ताबा नाही. एफडीएने २०२१ मध्ये याच पेनांबद्दल इशारा दिलाय, रक्तस्राव, इन्फेक्शन, गाठी, रक्तवाहिनी बंद होणं, डोळ्याला इजा सगळं त्यात आहे. आणि त्यांनी मंजूर केलेली फिलरसुद्धा २२ वर्षं आणि त्यावरच्यांसाठी आहेत. पेनबरोबर आलेल्या छोट्या बाटलीत काय आहे हे तर देवालाच माहीत.

रागावून झालंय तर आता हा अंक तिच्या टेबलावर उघडा ठेवा आणि काही बोलू नका. आणि तुला, वाचत असशील तर: ओठ लहान वाटतायत ना, ये क्लिनिकला कुठल्यातरी डॉक्टरकडे, आईला न घेता आलीस तरी चालेल, पण ते पेन उघडू नकोस.

प्रश्न: माझ्या गालात बारा वर्षांपासून सिलिकॉन आहे, त्रास काही नाही. काढून टाकू का? आणि मला मानेसाठी एमआरआय सांगितलाय, तो चालेल का? यावर लेझर, नवीन फिलर वगैरे?

उत्तर: त्रास नसेल तर काढायला जाऊ नका, शांत झोपलेल्याला उठवण्यात अर्थ नाही, कापून काढताना चेहऱ्याच्या नसांना धोका असतो तो वेगळाच. त्या भागात नवीन फिलर नको, खोलवर उष्णता देणारं लेझर किंवा रेडिओफ्रीक्वेन्सीही नको, निदान आधी सोनोग्राफी करून कुठे किती आहे ते बघितल्याशिवाय तर नाहीच. दाताचं कुठलंही काम असलं की डेंटिस्टला आधी सांगायचं आणि दाताचं, सायनसचं इन्फेक्शन अंगावर काढायचं नाही. एमआरआय खुशाल करा, सिलिकॉन धातू नाही. फक्त फॉर्म भरताना तिथे लिहा, नाहीतर रिपोर्ट लिहिणारा गालातल्या त्या ठिपक्यांवर अर्धं पान खर्च करेल आणि तुम्ही घाबरून मला परत पत्र लिहाल.